मदत हवी आहे: नव्या गाडीत क्रूझ कंट्रोलच नाही, भरपाई किती मागावी?

नमस्कार मंडळी. दसऱ्याला नाशिकमध्येच नवी गाडी घेतली. माहितीपत्रकात आमच्या व्हेरिएंटच्या रकान्यात क्रूझ कंट्रोलसमोर (ॲक्सिलरेटर दाबून न धरता गाडीचा वेग कायम ठेवणारी सोय) ठसठशीत बरोबरची खूण आहे. प्रत्यक्षात स्टीअरिंगवर बटणांच्या जागी नुसती काळी प्लास्टिकची टिकली! समृद्धीवरून वडिलांना घेऊन सारखं मुंबईला जावं लागतं, म्हणून तर वरचं मॉडेल घेतलं होतं.

शोरूमवाले तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलेली 'पूर्वसूचनेशिवाय बदल' ही ओळ दाखवतात. वर सीट कव्हर आणि एक सर्व्हिस फुकट देतो म्हणतात, पण 'आता काही तक्रार नाही' असं लिहून द्यायचं. मी अजून सही केलेली नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्यासाठी २ वर्षांची मुदत आहे.

प्रश्न असा, की रक्कम कशी ठरवायची? दोन व्हेरिएंटमधला फरक मागावा, की कंपनीकडून सुटा भाग बसवून घ्यावा? बाहेरून बसवला तर वॉरंटीचं काय? आणि नोटीस डीलरला द्यायची की कंपनीलाही? नाशिकमध्ये कुणी असं प्रकरण लढवलं असेल तर कृपया सांगा.