‘डार्क’ अल्बम आणि ‘निराशाजनक’ अल्बम

पानपूरक :
फिलाडेल्फियाच्या ‘द रूट्स’ या हिप-हॉप बँडच्या ‘गेम थिअरी’ (२००६) या अल्बमवर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला होता. अल्बम डार्क आहे, असे पहिल्याच परिच्छेदात म्हटले होते. संपादकांना इंग्रजी शब्द खटकला असावा, कारण छापील अंकात त्या जागी ‘हा एक निराशाजनक अल्बम आहे’ असे वाक्य आले. पुढची चारही पाने स्तुतीने भरलेली आहेत. लेख वाचून सासूबाईंनी विचारले, “इतका वाईट होता, तर चार पानं का खर्ची घातलीस?” ‘डार्क’ला नेमका शब्द कोणता? शिवाय ‘सोशली कॉन्शस’ आणि ‘लाइव्ह बँड’ यांसाठीही सुचवावे.

कऱ्हाकाठ :
‘गडद’ हा शब्द हाताशी असताना शोधाशोध कशाला? सह्याद्रीत गडद म्हणजे कड्यातली गुहा. कड्यातल्या गुहेत असलेल्या ढाकच्या बहिरीला गडदचा बहिरी म्हणतात, हे ट्रेक करणाऱ्यांना ठाऊक असेलच. गुहेतल्या काळोखावरूनच हे विशेषण आले असावे, असे माझे जुने मत आहे.

रूपसिद्धी :
मत जुने असले म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. आपण गडद गुलाबीही म्हणतो, आणि त्या रंगात विषाद शोधूनही सापडत नाही. गडद हे रंगाचे प्रमाण सांगते, मनःस्थिती सांगत नाही. ‘तमोमय’ हा निर्दोष शब्द आहे.

ठेका :
निर्दोष आहे खरा, पण तमोमय म्हटले की वाचक पुढच्या ‘ज्योतिर्मय’ची वाट पाहू लागतो, आणि या अल्बममध्ये दिवा लागतच नाही.

परदेशस्थ :
मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, म्हणून थोडे सांगतो. अल्बम २९ ऑगस्ट २००६ रोजी आला, म्हणजे कॅटरिना वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकले त्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी. आणि त्याच वर्षी एकट्या फिलाडेल्फियात ४०६ खून झाले. त्या काळोखाला अशी ठिकाणे आणि तारखा आहेत, त्यामुळे मला ‘विषण्ण’ जवळचा वाटतो. ‘काळा’ मात्र टाळावा, कारण कृष्णवर्णीयांच्या संगीताला अशुभ अर्थाने काळे म्हणणे कानाला बरे वाटत नाही.

रूपसिद्धी :
विषण्ण माणूस असतो किंवा त्याचे मन असते. वस्तू विषण्ण कशी होईल?

परदेशस्थ :
संध्याकाळ विषण्ण होते, ती आपण बिनतक्रार वाचतो.

नाक्यावरचा :
सामाजिक बाजूसाठी आपल्याकडे ‘विद्रोही’ आहेच. दलित पँथरने १९७२ साली नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. इतके जवळचे नाते असताना ‘सामाजिक जाणिवेचा’ असे सरकारी परिपत्रकासारखे का लिहायचे?

ठेका :
विद्रोहात ललकारी अपेक्षित असते. येथे ब्लॅक थॉट हा रॅपर बऱ्याच वेळा आपल्या गल्लीत काय बिघडले आहे ते मोजत असतो, आणि त्या मोजणीत स्वतःलाही धरतो. म्हणून ‘सामाजिक भान’ म्हणावे. ‘बांधिलकी’ म्हटले की परिसंवादाची सतरंजी अंथरली जाते.

पानपूरक :
भान पटले. ‘लाइव्ह बँड’चे काय? मी ‘जिवंत वाद्यवृंद’ लिहिले होते, ते मात्र संपादकांनी तसेच ठेवले.

नाक्यावरचा :
म्हणजे इतर वाद्यवृंदांनी हयातीचा दाखला आणायचा का?

कऱ्हाकाठ :
‘साजिंदे’ म्हणा. तमाशाच्या फडापासून कव्वालीपर्यंत चालणारा शब्द आहे.

ठेका :
साजिंदे गायकाच्या मागे बसतात. रूट्समध्ये ड्रम वाजवणारा क्वेस्टलव्ह हाच बँडचा कणा आहे. १९८७च्या सुमारास तो आणि ब्लॅक थॉट हे शाळासोबती फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर उभे राहत. एक बादल्या बडवी आणि दुसरा त्यावर शब्द रचत जाई. बहुतेक रॅप जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तुकडे जोडून बनत असताना हे लोक हाताने वाजवत, एवढाच ‘लाइव्ह’चा अर्थ आहे. अडचण अशी की ‘गेम थिअरी’चा शेवटचा, आठ मिनिटांहून मोठा ट्रॅक फेब्रुवारी २००६ मध्ये वारलेल्या जे डिला या हिप-हॉप संगीतकाराच्या आठवणीत आहे आणि तो त्याच्याच तुकडेजोड संगीतावर उभा आहे. तेथे जिवंत कोणाला म्हणायचे?

रूपसिद्धी :
‘तुकडेजोड’ हा समास तपासावा लागेल. ‘जोडतुकडी’ अधिक योग्य वाटतो.

नाक्यावरचा :
जोडतुकडी ऐकून मला चौथी ‘ब’ आठवली.

पानपूरक :
संपादक पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापायला तयार आहेत. ‘निराशाजनकऐवजी अमुक वाचावे’ एवढीच जागा आहे, आणि मला तो अमुक शनिवारपर्यंत कळवायचा आहे.

कऱ्हाकाठ :
माझी आजी गाढ झोपेला ‘गडद झोप’ म्हणत असे. म्हणजे मूळ अर्थ खोलीचा आहे, रंगाचा नव्हे, आणि खोली गुहेलाच असते. रूपसिद्धी यांनी यावर उत्तर द्यावे.