एका सालानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकायची नाही: आपल्या निपाणी-चिकोडी भागात असा कायदा चालेल का?

वखारवालीची लेक

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. तांदूळ, साबण, पोरांचा खाऊ आणि काउंटरच्या डाव्या हाताला तंबाखूच्या पुड्या, चुन्याच्या डब्या, विड्यांची बंडलं.

मालदीवमध्ये 1 नोव्हेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झालाय. 1 जानेवारी 2007 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तिथं तंबाखू विकत घेता येत नाही, फिरायला आलेल्या परदेशी माणसालासुद्धा नाही. वय वाढलं तरी बंदी उठत नाही. ब्रिटनने असंच विधेयक आणताना 1 जानेवारी 2009 ही तारीख धरली. न्यूझीलंडने 2022 मध्ये कायदा केला होता, पण सरकार बदललं आणि त्या लोकांनी 2024 मध्ये तो रद्द करून टाकला.

आपल्या कर्नाटकात 2025 मध्ये वयाची अट 18 वरून 21 झाली. सुटी सिगारेट विकायलाही बंदी आली. चांगलंच झालं. पण माझ्या दुकानात काय होतं ते सांगते. सहावीतलं पोर येतं, "काकू, आबांनी पुडी सांगितलीया, वहीत मांडा." मी देत नाही. मग आबा स्वतः येतात आणि चारचौघांत आवाज चढवतात, "माझ्या नातवाला मोकळ्या हातानं परत लावतीस व्हय?"

आबांचे हात थरथरतात, म्हणून तंबाखू मळून द्यायचं कामही त्या पोराकडंच आहे. समोरच्या कट्ट्यावर रोज बघते. डाव्या तळव्यावर तंबाखू, तिच्यावर नखभर चुना, उजव्या अंगठ्यानं घासायची, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि चिमूट आबांच्या हातावर ठेवायची. उरलेली बोटाला चिकटते. ती बोटं पोराच्या तोंडात जाताना मी बघितलीत.

आमच्याकडं पोराला तंबाखू दुकानातून लागत नाही, घरातूनच लागते. आणि वयाची अट पोराला एवढंच सांगते की, आत्ता नको, मोठा झालास की खा. मिसरूड फुटलं की पुडी खिशात ठेवायची, तो मोठेपणाचा मानच झालाय. जन्मसालाचा कायदा आला तर त्या पोराच्या आयुष्यात 'आता चालेल' असा दिवसच येणार नाही. म्हणून मला तो हवा आहे. तुम्हाला काय वाटतं? अडचणी असतील तर त्याही स्पष्ट सांगा.

काळी रान

ताई, तुमची तळमळ समजते. पण मी तंबाखू पिकवणारा माणूस आहे, माझी बाजू ऐका.

आमच्या रानात कॅनॉलचं पाणी येत नाही. ज्यांच्याकडं पाणी आलं त्यांनी कधीच ऊस लावला. आमच्या काळ्या रानात पावसाच्या ओलीवर विडीची तंबाखू येते आणि वर्षाचा पैका एकदम हातात पडतो. शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, अंगाला चिकटणाऱ्या त्या चिकात दिवसभर राबायचं, हे हौसेनं कोण करतंय? 1981 साली ह्याच तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं शेतकरी निपाणीच्या हमरस्त्यावर बसला होता. पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं गेली. आमच्या घरात ते अजून कुणी विसरलेलं नाही. बंदी आणणाऱ्यानं आधी सांगावं, तंबाखूच्या जागी काय लावू आणि ते कोण घेणार?

दुसरी गोष्ट हद्दीची. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. तिकडं अट 18 ची, इकडं 21 ची. उद्या इकडं जन्मसाल बघायला लागले तर पोरं मोटारसायकलला किक मारतील आणि दहा मिनिटांत पुडी घेऊन येतील. गुटख्याचं बघा. महाराष्ट्रात 2012 ला बंदी, आपल्याकडं 2013 ला. मिळायचा थांबला का? मालदीवची बेटं आहेत, माल बाहेरून येतो, बंदरावर अडवता येतो. आपल्याकडं तर बांधावरच उगवते.

बेळगावचा दंतवैद्य

रोज लोकांची तोंडं तपासतो, म्हणून लिहितोय. कायदा यावा असं माझंही मत आहे, पण त्याचे शब्द नीट बघून घ्या.

न्यूझीलंडचा कायदा फक्त ओढायच्या तंबाखूपुरता होता. तो तसाच उचलला तर आपल्या हाती काहीच लागणार नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 10.7 टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे होते आणि 21.4 टक्के तंबाखू खाणारे किंवा मिशरी वगैरे लावणारे. म्हणजे दुप्पट. ब्रिटनच्या विधेयकात खायची तंबाखूही धरलेली आहे, आपल्याला तसंच पाहिजे.

आणि सुपारीचं काय? माझ्याकडं कॉलेजची पोरं येतात, त्यांचं तोंड उघडत नाही. गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ झालेली, तिखट घास सोसत नाही. हा आजार मुख्यतः सुपारीनं होतो. गुटख्यावर बंदी आल्यावर पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी विकायला लागली, दोन्ही एकत्र करून खायची. उद्या फक्त तंबाखू बंद केली तर सुपारीची पुडी काउंटरवर तशीच लटकत राहील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलंय. आपलं राज्य सुपारी पिकवण्यात देशात पहिलं, त्यामुळं हा विषय काढायला कुणी धजत नाही. पण पोरांच्या तोंडाचा विचार करायचा तर तो काढावाच लागेल.

वखारवालीची लेक

काळी रान दादा, तुमचा राग समजला. माझी आई जन्मभर वखारीत तंबाखू चाळत होती. संध्याकाळी घरी आली की पदर झटकायची आणि घरभर शिंका सुरू व्हायच्या. रात्री खोकायची. त्याच मजुरीवर आम्ही भावंडं शिकलो, त्यामुळं वखारी उद्या बंद करा असं माझ्या तोंडून येणार नाही.

पण हा कायदा उद्या काहीच बंद करत नाही, हे बघा. 2009 हे साल धरलं तर त्या पोरांना 21 वर्षं 2030 मध्ये पूर्ण होतील. आज 21 च्या आत कुणाला विकताच येत नाही, म्हणजे 2030 उजाडेपर्यंत दुकानदाराचं एकही हक्काचं गिऱ्हाईक कमी होत नाही. त्यानंतरही आज खाणारे आबा, तुम्ही, माझे दीर, सगळ्यांना मिळत राहणार. मागणी उतरायला तीस-चाळीस वर्षं लागतील. तुमच्या नातवानं त्या रानात काय लावायचं हे ठरवायला एवढा वेळ मिळतो. सोयाबीन, हरभऱ्याला भावाची हमी सरकारकडं आत्तापासून मागू या. तुम्ही लिहा, पहिली सही माझी.

हद्दीचं म्हणाल तर अमेरिकेत ब्रुकलाइन म्हणून एक गाव आहे. तिथं 1 जानेवारी 2000 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकायची नाही असा नियम 2020 मध्येच केला. शेजारच्या गावात मिळत होती, तरी केला. दुकानदार कोर्टात गेले, 2024 मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नियम कायम ठेवला, आणि मग आजूबाजूच्या आणखी काही गावांनी तो उचलला. कागलला जाणारा जाईल. पण सहावीतलं पोर पुडीसाठी कागलला जात नाही, ते माझ्या दारात येतं.

दुकानदाराला उलट हे सोपं आहे. आता आधार बघून वयाचा हिशोब करत बसावं लागतं. मग नुसतं साल बघायचं.

डॉक्टरसाहेब, सुपारीचं तुमचं पटलं. त्या पुड्या मीही लावते, त्या काढणार. एक सांगा, घरच्या माणसानं पोराच्या तोंडात काय बघावं?

बेळगावचा दंतवैद्य

ताई, पोराला स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर दाखवून घ्या. जीभ पूर्ण बाहेर येते का, साध्या भाजीनंही तोंडाची आग होते का, तेही विचारा. गालात, जिभेच्या कडेला किंवा ओठाच्या आत, तंबाखू धरायची जागा असते तिथं, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर थांबू नका. दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात, सुरुवातीला ते दुखत नसतंच.

आणि आबांना सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे. दुकानात पुड्यांच्या वरच लिहून लावा.

काळी रान

नंबर मीही लिहून घेतला, थोरल्या भावासाठी. सोयाबीन-हरभऱ्याच्या हमीचा अर्ज रविवारी बसून लिहितो. ताई, त्यात मजुरीवर जाणाऱ्या बायकांचं काय मागायचं ते तुम्ही सांगा, ते मला नीट मांडता येणार नाही.