सौम्य म्हणजे गप्प नव्हे

'ख्रिस्ती माणसाने राजकारणात सौम्य राहायचं म्हणजे शेवटी गप्पच बसायचं' हे म्हणणं मला पटलं नाही. इंग्लंडातल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती सुधारणा चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्लींनी ६ ऑक्टोबर १७७४ च्या रोजनिशीत मतदार अनुयायांना दिलेला सल्ला नोंदवलाय: काहीही न घेता, सर्वांत लायक वाटेल त्यालाच मत द्या, ज्याच्या विरोधात मत दिलंत त्याची निंदा करू नका, आणि पलीकडच्या बाजूच्या मतदारांबद्दल मनात कडवटपणा येऊ देऊ नका. तेव्हा इंग्लंडात मतं सर्रास विकली जात, म्हणून ती पहिली अट. (आपल्याला हे समजावून सांगायला नको!)

बरं, वेस्ली स्वतः काही मवाळ नव्हते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारशी भांडणाऱ्या अमेरिकी वसाहतींच्या विरोधात पत्रक काढून त्यांनी भरपूर रोष ओढवून घेतला.