अपचय की अपचन?

पाटीपेन्सिल:
मोठ्या ऑपरेशननंतर ज्यांना शिरेतून पोषण देतात, त्यांच्या घरच्यांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. 'शस्त्रक्रियेनंतर प्रथिनांचा अपचय वाढतो' असं लिहिलं, म्हणजे शरीरातली प्रथिनं जास्त मोडली जातात. खर्डा शेजारच्या काकूंना वाचायला दिला, तर म्हणाल्या, "अपचन होणारच गं, पोटच उघडलंय." दुसरा शब्द सुचवा.

खडूफळा:
शब्द बदलू नका, काकूंना समजवा. चय + अपचय = चयापचय, शाळेत शिकवतात. धातू 'चि', गोळा करणे. संचय, चयन, आपलं वेचणं, सगळी एकाच घरातली. अपचन 'पच्'मधून आलेलं. काडीचा संबंध नाही.

वरणभात:
सर, आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलेल्याला धातू चालवून दाखवायचे?

डॉक्टरीणबाई:
अपचय वाढला की राउंडला आम्ही 'कॅटाबॉलिक झालाय' म्हणतो. नातेवाइकांना सांगते, शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातंय. हिशेबही देते: लघवीतून १ ग्रॅम नत्र जादा गेलं की सव्वासहा ग्रॅम प्रथिनं गेली, म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम स्नायू. सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "पण सलाईन चालू आहे ना?"

वरणभात:
आमच्याकडे सलाईन म्हणजेच ताकद. सुगी संपली की आजोबा तालुक्याला जाऊन एक बाटली लावून यायचे. दोन दिवस चाल बदललेली असायची.

डॉक्टरीणबाई:
५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्धा लिटरच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम, प्रथिनं शून्य. शिरेतल्या पोषणात अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक), ग्लुकोज, स्निग्धांश असं सगळं असतं. स्निग्धांशामुळे पिशवी दुधासारखी पांढरी दिसते. निव्वळ त्यावर वाढलेल्या तान्ह्या बाळाची हकीकत विल्मोर आणि डड्रिक या डॉक्टरांनी १९६८ साली छापली होती. त्याला सलाईन म्हटलेलं मला तरी सोसत नाही.

खडूफळा:
मुळात 'शिरेतून' हेच ढिसाळ. शीर मानेचीही आखडते, कपाळाचीही उडते. 'नीलेतून' लिहा.

वरणभात:
आमच्या आत्याचं नाव नीला आहे. तिच्यातून काय काय द्यायचं?

खडूफळा:
थट्टेनंच मराठीचं वाटोळं झालंय.

पाटीपेन्सिल:
उद्या छापायला द्यायचंय हो. तूर्त 'स्नायूंची झीज' केलंय.

वरणभात:
झीज गुडघ्याची असते ना?