वॉचमन मामांना बदलायचं का? सोसायटी ग्रुपवरची रविवार रात्रीची चर्चा

सी-७०१: नमस्कार मंडळी. वर फोटो टाकलाय तो नीट झूम करून बघा. आपले रात्रपाळीचे वॉचमन आहेत, गळ्यात पक्षाचं उपरणं, हातात झेंडा, आज सकाळी रॅलीच्या टेम्पोपुढे चालतायत. पक्ष कुठला ह्याच्याशी मला देणंघेणं नाही, दुसऱ्या पक्षाचा असता तरी हेच लिहिलं असतं. पण गेटवरचा माणूस न्यूट्रलच पाहिजे, आपल्याकडे सगळ्या पक्षांचे लोक राहतात. सेक्रेटरी साहेब, उद्या एजन्सीला फोन करून रिप्लेसमेंट मागवा ही विनंती.

ए-२०३: +१. महापालिका निवडणुकीचं वातावरण आधीच तापलंय, गेटवर नको हे.

बी-१०४: अहो पण आज रविवार ना, मामांची सुट्टी असते. ड्युटी सोडून गेले नव्हते.

सी-७०१: सुट्टी असली तरी माणूस तोच ना ताई. उद्या रात्री आठला परत तोच खुर्चीत बसणार. आपलं व्हिजिटर रजिस्टर त्याच्यासमोर, सगळ्यांचे मोबाइल नंबर, कोणाकडे कोण येतं, कोण गावाला गेलंय, सगळं त्याला माहीत. ते रजिस्टर पक्षाच्या ऑफिसात गेलं तर जबाबदार कोण? मला राग वगैरे काही नाही, माणूस चांगला आहे, पण रिस्क का घ्यायची?

सी-३०२: पाचशे रुपये आणि वडापाव मिळतो म्हणून गेले असतील हो, राजकारण कसलं त्यात.

बी-१०४: नाही हो, मी परवाच बोलले त्यांच्याशी. त्यांच्या वस्तीत पावसाळ्यात ड्रेनेजचं पाणी घरात शिरायचं, ते काम त्या उमेदवाराने करून घेतलं म्हणून गेले. त्यांची बायको बचत गटात आहे, ती पण होती रॅलीत. पैशासाठी गेले असं परस्पर म्हणू नका.

सेक्रेटरी: फोटो पाहिला. एजन्सीच्या करारात आहे की सांगितल्यापासून २४ तासात गार्ड बदलून मिळेल, कारण द्यावं लागत नाही. फोन करायला एक मिनिट लागेल, पण आधी ग्रुपवर मतं येऊ देत. ए-५०२ ताई तुम्ही लेबर कोर्टात काम करता, तुम्ही सांगा काय करता येतं.

ए-५०२: सर, करता येतं का असं विचाराल तर हो, येतं, आणि मला त्याचाच त्रास होतोय. आपण त्यांना "काढत" नाही, आपण फक्त "बदलून द्या" म्हणतो. मग एजन्सी त्यांना रिझर्व्हला टाकते, म्हणजे दुसरी साइट मिळेपर्यंत घरी बसा, ड्युटी नाही तर पगार नाही. नोटीस नाही, चौकशी नाही, तुमचं म्हणणं काय असं कोणी विचारत पण नाही. आणि का बदललं हे त्यांना कधी कळणारच नाही. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने चाळीसएक वर्षांपूर्वीच सांगितलंय की कारखान्याच्या हद्दीबाहेर, कामाशी संबंध नसलेल्या वागण्यावर शिस्तभंग म्हणून हात टाकायचा मोकळा परवाना मालकाला नाही. आपल्या महाराष्ट्रातला १९७१ चा अनुचित कामगार प्रथा रोखणारा कायदा आहे, एमआरटीयू पीयूएलपी म्हणतो आम्ही त्याला, त्यातही सूड म्हणून कामावरून काढणं ही अनुचित प्रथा धरलीये. पण हे सगळं कागदावर. आठ-दहा साइटवर फिरवला जाणारा गार्ड कोर्टाची पायरी चढतो का? चढला तरी केस उभी राहीपर्यंत घरभाडं कोण भरणार? म्हणून मी कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवते. प्रश्न असा आहे की आपण हे करावं का. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

बी-६०३: ताई आदर आहे, पण मी एचआरमध्ये आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे जॉइनिंगच्या दिवशीच सोशल मीडिया पॉलिसीवर सही घेतो. माणूस ऑफिसबाहेर पण कंपनीचं नाव घेऊन फिरतो. २०२१ ला अमेरिकेत कॅपिटॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेच्या इमारतीत, जमाव घुसला त्यात एक जण गळ्यात कंपनीचं आयकार्ड घालून आत फिरत होता, फोटो व्हायरल झाला, कंपनीने दुसऱ्याच दिवशी काढला. तुम्ही मालक असता तर काय केलं असतं?

ए-५०२: त्याला मी पण काढला असता, कारण तो बेकायदा आत घुसला होता आणि कंपनीचं ओळखपत्र घालून घुसला होता. रॅलीला परवानगी असते, पोलीस बंदोबस्त असतो, आणि मामांच्या अंगावर आपला युनिफॉर्म नव्हता. फोटो परत बघा, चेक्सचा शर्ट आहे.

आणि तुम्ही अमेरिकेचं काढलंतच तर जुली ब्रिस्कमनचं पण सांगते. २०१७ चा ऑक्टोबर, व्हर्जिनियात ही बाई सुट्टीच्या दिवशी सायकल चालवत होती, बाजूने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांच्या गाड्यांचा ताफा गेला, तिने मधलं बोट दाखवलं. फोटोग्राफरने मागून काढलेला फोटो, चेहरा पण दिसत नाही. तो जगभर फिरला तेव्हा तिने स्वतःच जाऊन ऑफिसात सांगितलं की ही मी आहे. कंपनी सरकारी कंत्राटं घेणारी, तिला काढलं, कारण दिलं सोशल मीडिया पॉलिसीचं, कारण तो फोटो तिने प्रोफाइलला लावला होता. तिचं म्हणणं होतं की तिथल्याच एका पुरुष कर्मचाऱ्याने फेसबुकवर शिवी घातली होती, त्याला पोस्ट काढायला लावली आणि नोकरीवर ठेवला. ती कोर्टात गेली, चुकीच्या पद्धतीने काढलं हा दावा काही टिकला नाही. तिकडे बऱ्याच राज्यांत खासगी मालक जवळजवळ कुठल्याही कारणाने काढू शकतो, त्यांच्या घटनेतलं भाषणस्वातंत्र्य सरकारला बांधतं, कंपनीला नाही. दोन वर्षांनी ती काउंटीच्या बोर्डावर निवडून आली हे खरं, पण सगळ्यांचं असं होत नाही. बी-६०३ दादा, पॉलिसी सगळ्यांना सारखी कधीच लागत नाही, ज्याचा फोटो व्हायरल होतो त्यालाच लागते.

बी-६०३: मान्य, वापर सारखा होत नाही. पण म्हणून पॉलिसीच नको का?

ए-४०१: माझी बहीण अमेरिकेत असते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चार्ली कर्क ह्या उजव्या विचाराच्या, ट्रम्प समर्थक कार्यकर्त्याची हत्या झाली त्यानंतर तिकडे शिक्षक, नर्स, विमान कंपन्यांचे लोक, कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या पोस्टवरून. काहींच्या पोस्ट खरंच घाण होत्या, मेलेल्या माणसावर हसणाऱ्या. पण काहींनी नुसती त्याची जुनी वाक्यं टाकली होती. आणि लोक याद्या करून मालकांना कळवत होते. बहीण म्हणाली त्यानंतर ऑफिसात कोणी काहीच बोलत नाही. काही वर्षांपूर्वी हेच हत्यार दुसऱ्या बाजूच्या हातात होतं तेव्हा आत्ता टाळ्या वाजवणारेच ओरडत होते.

डी-१०१ सर: मी सरकारी शाळेत नोकरी केली, १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आम्हाला पाठ होते. पक्षाचं सभासद व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही, मत द्या पण कोणाला ते कळू देऊ नका. आम्ही पाळलं आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही, कारण निवडणुकीत मतपेट्या आमच्याच ताब्यात असायच्या. पण त्या बदल्यात काय मिळत होतं हे पण बघा. पेन्शन, चौकशीशिवाय काढता येत नाही ही घटनेची हमी. आपण वॉचमनला बारा तासांची ड्युटी देतो, पेन्शन नाही, हमी नाही, आणि निर्बंध मात्र सरकारी नोकराचे लावायला निघालोय.

आणि सरकारी नोकरांच्या बाबतीतही कोर्टांनी मर्यादा घातल्यात. मध्य प्रदेशात एका शिक्षकाला पूर्वी संघाच्या आणि जनसंघाच्या कामात भाग घेतला ह्या पोलीस रिपोर्टवरून काढलं होतं. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं. निकाल देणारे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी, ते काही संघाच्या विचाराचे नव्हते, तरी दिला, म्हणून मला तो निकाल मोठा वाटतो. त्रिपुरात मत्स्य खात्यातल्या एक बाई एका राजकीय सभेला गेल्या आणि फेसबुकवर लिहिलं म्हणून निवृत्तीला आठवडा पण उरला नव्हता, तेव्हा सस्पेंड. हायकोर्टाने २०२० ला सांगितलं, सभेला हजर राहणं म्हणजे सभेत भाग घेणं नव्हे, आणि सरकारी नोकर झाला म्हणून त्याचं बोलण्याचं स्वातंत्र्य संपत नाही.

सी-७०१: सर, तुमचे मामा नुसते हजर नव्हते, झेंडा घेऊन पुढे होते.

डी-१०१ सर: हो, पण ते सरकारी नोकर नाहीत ना. मग त्यांना तेवढं पण बंधन नाही, उलट जास्त मोकळीक हवी.

बी-१०४: मला एक सांगायचंय, सगळंच चालतं असं पण नाही हं. माझा भाऊ दुबईला आहे. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तिकडे आपल्याच काही लोकांनी मुसलमानांबद्दल इतकं वाईट लिहिलं की नोकऱ्या गेल्या, आपल्या राजदूतांना ट्वीट करून समज द्यावी लागली. जिथे भाकरी खाता तिथल्याच माणसांना शिव्या घालता आणि वर सुट्टीत लिहिलं म्हणता? ते मला पटत नाही.

सी-७०१: हेच! उद्या मामांनी फेसबुकवर आपल्या बिल्डिंगमधल्या कुठल्या समाजाबद्दल गलिच्छ लिहिलं तर?

ए-५०२: तर मी स्वतः तक्रार करेन, आणि त्यांना समोर बसवून विचारून मग ठरवू. पण हा मुद्दा खरंच अवघड आहे आणि त्याच्यावर एक केस आहे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला एक ड्रायव्हर होता, अपंग मुलांना आणि मोठ्यांना बसने ने-आण करायचा, त्यातले बहुतेक आशियाई वंशाचे. २००४ मध्ये तो बीएनपी, म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टी, ह्या पक्षाचा नगरसेवक म्हणून निवडून आला. तो पक्ष असा की त्या वेळी सभासदच फक्त गोऱ्यांना करत होता. कंपनीने त्याला काढला. आता बघा, त्याच्या कामाबद्दल एकही तक्रार नव्हती, आणि त्याचा सुपरवायझर स्वतः आशियाई, त्यानेच त्याचं नाव उत्तम कर्मचारी म्हणून पुढे पाठवलं होतं. नोकरीला वर्ष झालं नव्हतं म्हणून तिकडच्या कायद्यात दाद मागता येईना. शेवटी २०१२ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. तो पक्ष बरा आहे असं कोर्टाने कुठेही म्हटलं नाही. म्हटलं एवढंच की राजकीय मतावरून नोकरी गेली तर माणसाला दाद मागायला जागा असली पाहिजे. पुढच्या वर्षी ब्रिटनने कायदा बदलला.

मला तो पक्ष अजिबात आवडत नाही. त्या बसमध्ये माझं मूल असतं तर मला पण झोप लागली नसती. तरी मला हा निकाल बरोबर वाटतो, कारण तो माणूस मुलांशी नीट वागत होता आणि त्याला कोणी काही विचारलंच नाही. आधी वागणं बघा. वागण्यात खोट सापडली तर जरूर काढा.

ए-२०३: ताई हे मोठ्या कोर्टाचं झालं. आपली साधी सोसायटी आहे, आपण पैसे देतो, आपल्याला कोण हवं ते ठरवायचा अधिकार नाही का?

ए-५०२: आहे ना दादा. गेटवर झोपले, उद्धट बोलले, दारू पिऊन आले, रजिस्टर कोणाला दाखवलं, उद्या सांगा उद्या बदलू. पण आपण बारा तास विकत घेतलेत, उरलेले बारा नाही. तुमच्या माझ्या घरातले किती जण नोकरी करतात, त्यातले किती जण स्टेटसला नेत्यांचे फोटो लावतात. कोणी एकाने तुमच्या कंपनीच्या एचआरला फोटो मेल केला आणि सोमवारी तुमचं कार्ड गेटवर चाललं नाही तर? तेव्हा तुम्ही पण म्हणाल, मी रविवारी काय करतो ते माझं आहे. आणि तुमच्याकडे निदान नोटीस पिरियड असेल.

दुसरं, मला हे जास्त टोचतं. फोटोत आपल्या सोसायटीतले पण दोन जण आहेत, मागच्या रांगेत, मी नावं घेत नाही आणि कोणी घेऊ पण नका, त्यांचा हक्क आहे. पण वर्गणी भरणाऱ्याने झेंडा धरला तर तो जागरूक नागरिक आणि पगार घेणाऱ्याने धरला तर रिस्क, हे मला मान्य नाही. मत दोघांचं एकच मोजतात.

सी-७०१: मागे कोण आहे ते मी पाहिलं नव्हतं. पण माझा रजिस्टरचा मुद्दा कोणी खोडला नाही अजून.

ए-५०२: खोडत नाहीये काका, तो तुमचा मुद्दा बरोबरच आहे, फक्त तो मामांपुरता नाही. रजिस्टर दिवसपाळीच्या गार्डकडे असतं, हाउसकीपिंगवाले बघतात, डिलिव्हरीची मुलं वरची चार नावं वाचूनच खाली सही करतात. भरलेली जुनी रजिस्टरं तर मीटर रूममध्ये उघडी पडलीयेत, रद्दीत पण गेली असतील. माणूस बदलून ते सुधारणार आहे का? नवीन येणारा कुठल्या पक्षाचा ते कोणी विचारणारे का?

सी-३०२: मीटर रूमचं खरंय, मी पाहिलीत. २०१९ पासूनची आहेत.

बी-६०३: मग मी एक सुचवतो, लेखी नियम करू. ड्युटीवर कुठल्याही पक्षाचा बिल्ला, उपरणं, स्टिकर नाही. गेटवर प्रचाराची पत्रकं ठेवायची नाहीत, आणि हे मेंबरनी पण पाळायचं, कारण मागच्या आठवड्यात वॉचमनच्या टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता तो आपल्यातल्याच कोणीतरी ठेवला होता. मामा काय बोलणार, मेंबरला नाही म्हणता येतं का त्यांना?

बी-१०४: अगदी. ते बिचारे गठ्ठा खुर्चीखाली सरकवून बसले होते, मला म्हणाले ताई दोन्हीकडचे देऊन जातात, फेकलं तर शिव्या, वाटलं तरी शिव्या.

डी-१०१ सर: नियम चांगला. त्यात एक वाक्य घाला, ड्युटीबाहेरच्या कायदेशीर राजकीय कामावरून कोणाही कामगाराला बदलायची मागणी सोसायटी करणार नाही. नाहीतर दर निवडणुकीला नवीन फोटो येईल.

सी-७०१: ह्या वाक्याला माझा विरोध आहे. पहिले दोन नियम मान्य, रजिस्टरचं मान्य, पण सोसायटीने स्वतःचे हात बांधून घेऊ नयेत. मी मीटिंगला येऊन बोलणार.

ए-५०२: नक्की या काका. विरोध मिनिट्समध्ये तुमच्या शब्दात लिहू. एकच विनंती, तो फोटो ग्रुपवरून डिलीट करा, एजन्सीचा सुपरवायझर पण ह्या ग्रुपवर आहे, आपण काही ठरवायच्या आधीच तो स्वतःहून बदली करेल.

सी-७०१: केला डिलीट.

सेक्रेटरी: ठीक. उद्या एजन्सीला फोन करत नाहीये. सुपरवायझर, तुम्ही वाचत असाल तर कोणाचीही बदली करू नका, कमिटीचं पत्र आल्याशिवाय नाही. पुढच्या रविवारी अकराला क्लब हाउसमध्ये मीटिंग, हे तिन्ही नियम अजेंड्यावर, ७०१ काकांचा विरोध पण अजेंड्यासोबत फिरवतो. मामांना पण बोलवू का?

डी-१०१ सर: बोलवा. पण रात्रभर ड्युटी करून सकाळी आठला सुटतात, अकरापर्यंत थांबवू नका. सकाळी आठलाच मीटिंग घ्या.

सेक्रेटरी: रविवारी आठला कोरम होईल का?

बी-१०४: मी येते. आणि जुनी रजिस्टरं उद्याच मीटर रूममधून ऑफिसच्या कपाटात हलवा, किल्ली माझ्याकडे द्या, मी पाण्याचा व्हॉल्व्ह बघायला सातला खाली उतरतेच.