अनुभव धागा: तुमचं आडनाव कुठून आलं?

सोलापुरात आडनावाचा अर्थ विचारण्याआधी ते कुठल्या भाषेतलं हे विचारावं, नाहीतर फजिती ठरलेली. पुण्याच्या एका पाहुण्यांनी मला विचारलं, "हिरेमठ म्हणजे हिऱ्यांचा व्यापार का?" कन्नडात हिरे म्हणजे थोरला. थोरला मठ. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांचा मान असलेल्या हिरेहब्बूंचा 'हिरे'ही तोच. हब्ब म्हणजे सण. आता तुमच्या घरचं सांगा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. सरदार-जहागीरदार पूर्वज जरा कमी आणा.

सोलापूरचा पूर्व भाग
आम्ही गाजुल, पद्मशाली. तेलुगूत गाजुलु म्हणजे बांगड्या. आजोबा चादरी विणायचे, आजी विड्या वळायची. बांगड्या विकलेल्या कुणालाच आठवत नाहीत. भिंतीला भिंत लागून मणियार चाचा. नाव बांगड्या विकणाऱ्याचं, दुकान सायकलचं. चाचा म्हणतात, "नावात दोघांच्या बांगड्या, आणि घ्यायला मात्र मधल्या मारुतीच्या बाजारात जायचं!"

आमचंही तेलुगूच
आडनाव चिलका. चिलुक म्हणजे पोपट. आमच्यात आडनावाला 'इंटि पेरु' म्हणतात, घराचं नाव, आणि ते आधी येतं. वडिलांनी जन्मभर तसंच लिहिलं. माझ्या एका दाखल्यावर कुणीतरी चिलका हेच नाव धरलं आणि वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्र झालं, वर्ष गेलं. आडनावातच पोपट, वर कागदानं केला तो वेगळाच.

वळसंगकर
वळसंगात आम्हाला वळसंगकर कोण म्हणणार? तिथं सगळेच वळसंगचे. गावी आम्ही बडिगेर, म्हणजे सुतार. पणजोबा सोलापूरला जुन्या गिरणीत लागले (गिरणी 1877 ची). हजेरी घेणाऱ्यानं "कुठला रे?" विचारलं आणि उत्तर आडनावाच्या जागी लिहिलं, असं घरात सांगतात. चुलत घराणं अजून बडिगेरच आहे. लग्नपत्रिकेत भाऊबंदांची दोन आडनावं बघून छापखान्यातून दरवेळी फोन येतो, "चुकलंय का ओ?"

पाटील
पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली, आडनाव राहिलं. आमच्या गल्लीत मराठा पाटील, लिंगायत पाटील, जैन पाटील, मुसलमान पाटील. पोस्टमननं आपली सोय केली आहे: कुत्रंवाले पाटील म्हणजे आम्ही. कुत्रं जाऊन सहा वर्षं झाली.

माहेर पंढरपूर
माहेरचं आडनाव उत्पात. देवळात विठ्ठलाकडे पुजारी बडवे असत, रुक्मिणीमातेकडे उत्पात. ते वंशपरंपरेचे हक्क 1973 च्या कायद्यानं गेले, कोर्टात मात्र 2014 पर्यंत चाललं. पंढरपुरात या आडनावाला कुणी हसत नाही. सोलापूरच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी हजेरीला अख्खा वर्ग हसला. लग्नानंतर कुलकर्णी झाले. आता कुणी हसत नाही, आणि मला करमत नाही.

नदाफ
आम्ही पिंजारी, कापूस पिंजणारे. आजोबांचं पिंजण माळ्यावर आहे, तार ढिली पडलेली. दिवाळीत आवरताना पोरानं ते खाली काढलं आणि गिटारसारखं मांडीवर घेऊन वाजवायला लागला. अम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, "कुणाची गादी आलीय रे?"