नवीन बॅटरी टाकूनही सकाळी सेल्फ घेत नाही, आल्टरनेटर गेलाय का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षं झाली, रनिंग रोज कोथरूड ते डेक्कन एवढंच. पावसाळा लागल्यापासून चार दिवसांआड सकाळी चावी फिरवली की नुसतं कट कट कट आणि डॅशबोर्डचे दिवे मलूल. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली, पंधरा दिवसांत पुन्हा तेच, आता तोच म्हणतो आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) नवीन टाका. शेजारच्या काकांना जंपर घेऊन खाली बोलवायची लाज वाटायला लागलीय.

शेवटी मल्टीमीटर आणला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.१ व्होल्ट, फुल चार्ज असती तर १२.६ हवे होते. आयडलवर, सगळं बंद ठेवून १४.०. म्हटलं, आल्टरनेटर तर ठणठणीत आहे! मग हेडलाइट, एसीचा ब्लोअर फुल, मागचा डिफॉगर, वायपर सगळं लावलं तर थेट १२.३, आणि रेस दिली की बॉनेटमधून चींऽऽ असा आवाज आणि आकडा कसाबसा १३ पर्यंत.

मला समजलंय ते असं, की सेल्फ मारताना स्टार्टर दीड-दोनशे अँपिअर ओढतो तो बॅटरीतून, पण दोन-तीन सेकंदच, म्हणून खर्च तसा किरकोळ, इंजिन चालू झालं की सगळा लोड आल्टरनेटरने उचलायचा आणि वरचा करंट बॅटरीत भरायचा, तो कमी पडला की उरलेलं बॅटरी देणार. म्हणजे पावसात सिग्नलला उभा असतो तेव्हा माझी बॅटरी चार्ज व्हायच्या ऐवजी उतरतेय, बरोबर ना? मित्र म्हणतो चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढ, गाडी बंद पडली तर आल्टरनेटर गेला. करू का?

प्रतिसाद: टर्मिनलला हात लावू नका!! चालू गाडीत बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला तर आल्टरनेटरपेक्षा महाग पडेल. चीं आवाज येतोय म्हणजे आधी आल्टरनेटर फिरवणारा बेल्ट बघा, ओला झाला की घसरतो, आतून चकचकीत झाला असेल किंवा तडे असतील तर बदला. तरी नाही जमलं तर मल्टीमीटर एसी (म्हणजे अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर आल्टरनेटरच्या आतला, एसीचं डीसी करणारा डायोड गेलाय.

अपडेट: बेल्ट काचेसारखा गुळगुळीत निघाला. नवीन टाकला, आता सगळं लावून आयडलवर १३.६. पण सकाळी अजून १२.२ च दिसतंय, चार-पाच किलोमीटरच्या रनिंगमध्ये एवढी उतरलेली बॅटरी भरणार कशी, बाहेरून चार्जर लावून घेऊ का?